हात शालनचे

“मास्तर, नाक कसं होतं हो तिचं?”

येसबा मास्तर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचं?”

“शालनचं.”

अडकित्ता थांबला...

विचारणारा कुणी परका नव्हता. जयवंत लोहार होता, शालनचा नवरा. इतकी वर्षं जिच्याशी संसार केला तिचं नाक तो दुसऱ्याला विचारत होता.

आता तुम्ही म्हणाल, कमाल झाली या माणसाची. आम्हीही तेच म्हणालो असतो. पण त्या दुपारी त्याचं तोंड जर तुम्ही बघितलं असतं, तर तुम्हीही गप्प बसला असता.

कोल्हापुरातला आमचा हा पेंटर बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं, एवढाच रुंद. पण घराघरांत रंगाचा वास. कुणी दुकानांच्या पाट्या रंगवतं, कुणी गणपती करतं, कुणी नाटकाचे पडदे, कुणी कॅलेंडरची चित्रं.

वैशाखात शाळांना सुट्ट्या लागल्या की आठवडाभर आमचा बोळ सगळ्या गावाला उघडा असतो. सोपा म्हणजे घराची पुढली खोली. त्या दिवसांत सोप्यातल्या खाटा आत जातात आणि भिंतींवर चित्रं चढतात. कुठल्याही घरात शिरा, चित्रं बघा, माठातलं पाणी प्या आणि पुढच्या घरात जा. सकाळी मुलांना चिखलकाम शिकवतात. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी पेटी घेऊन बसतं.

आणि शेवटच्या संध्याकाळी प्रात्यक्षिक असतं. बोळातला एक चितारी सगळ्यांच्या देखत एका माणसाचं चित्र काढतो. लोक जमखान्यावर बसून बघतात. कोऱ्या कागदातून ओळखीचं तोंड वर येताना बघायला आमच्या गावाला फार आवडतं.

यंदाचा मान जयवंताचा होता.

जयवंत म्हणजे साधा चितारी नव्हे. एकदा बघितलेलं तोंड तो विसरत नाही, असा त्याचा लौकिक. एसटी स्टँडवर दिसलेला माणूस घरी येऊन जसाच्या तसा उतरवायचा. हा लौकिक गावभर पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटाही काही कमी नव्हता.

तेव्हा मंडळाची पोरं विचारायला आली, की समोर कुणाला बसवायचं? जयवंत म्हणाला, कुणालाच नको. मी शालनला काढणार. फोटो न बघता. आठवणीतून.

शालन मागच्या पावसाळ्यात गेली होती. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

पोरांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच फलक छापून बोळाच्या तोंडाशी लावला. त्यावर जयवंताचं नाव, खाली शालनचं नाव.

आणि मग जयवंत कागद घेऊन बसला.

पहिलं चित्र जमलं नाही, तेव्हा त्यानं कोळशाला नावं ठेवली. दुसरं जमलं नाही, तेव्हा कागदाला. मग उजेडाला. नाचता येईना, अंगण वाकडं. महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. दर वेळी कागदावर एक सुंदर बाई यायची. मोठे डोळे, चाफेकळी नाक, ओठांवर बेताचं हसू...

ती शालन नसायची.

फोटो होते, पण कसले? लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. आधार कार्डावरच्या फोटोत तर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. मोबाइल पुढं केला की ती तोंडाला पदर लावून आत पळायची. आणि फोटो बघून काढायचं नाही, हे तर त्यानंच गावाला सांगून ठेवलेलं.

पण खरी गोष्ट फलकाची नव्हती. लाज तर काय, चार दिवसांत पचते. खरी गोष्ट अशी, की तो डोळे मिटायचा आणि त्याला शालन दिसायची नाही. चाहूल लागायची. बांगड्या वाजायच्या. तोंड दिसायचं नाही. बाई एकदा गेली ती गेलीच, आणि आता अशी पुन्हा चालली होती.

म्हणून प्रदर्शनाच्या पहिल्याच दुपारी, सोप्यात पाहुणे असताना, तो उठून मास्तरांकडे आला.

येसबा मास्तरांनी त्याला चित्रकला शिकवली होती. बोळातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवली. आता त्यांचे हात कापतात म्हणून ते चित्र काढत नाहीत. घरात एकटे असतात. मास्तरीणबाई गेल्यापासून दोन्ही वेळची भाकरी त्यांना शालनच आणून द्यायची.

“तुम्ही तिला रोज बघत होता, मास्तर.”

“बघत होतो.”

“मग सांगा की. नाक कसं होतं? कपाळ? कायतरी सांगा.”

मास्तरांनी सुपारी तोंडात टाकली.

“भाकरी आणणारीचं तोंड मला ठाऊक हाय. ते तुला कशाला?”

जयवंत चिडला. गुरूनं शिष्यापासून हातचं राखून ठेवू नये, असं काहीबाही बोलला. आजवर तुम्ही मला कधी चांगलं म्हणाला नाही, ते मी सोसलं, पण आज एवढी एक गोष्ट मागतोय, असंही बोलला. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, सोप्यात कुठली चित्रं लावलीस?

तो म्हणाला, सगळी. आजवरची होती नव्हती तेवढी सगळी.

“मग माझ्याकडं कशाला आलास? तिकडं बघ जा.”

...

जयवंताचा सोपा भरलेला होता. लोकांना कॅलेंडरची चित्रं आवडतात, त्यात चुकीचं काही नाही. भिंतीवर लक्ष्मी होती. तुळशीला दिवा लावणारी होती. पाणी भरणारी, झोपाळ्यावर बसलेली, दळण दळणारी, बाळाला न्हाऊ घालणारी.

दारात उभं राहून जयवंतानं पहिल्यांदाच परक्या माणसासारखं त्या भिंतीकडे बघितलं.

शेजारच्या बेबीताई झोपाळ्याच्या चित्राशी उभ्या होत्या. शालनची आणि त्यांची मैत्री होती, दोघी मिळून पापड लाटायच्या. त्यांनी चित्रातल्या मनगटाला हळूच बोट लावलं. चित्राला हात लावू नये, हे त्यांना माहीत होतं. तरी लावलं.

“शालनचाच हात की हा,” त्या म्हणाल्या. “आणि त्यो तिकडला बी.”

जयवंत दारातनं आत आला.

बेबीताई भिंतीकडनं भिंतीकडे गेल्या. दळणारीच्या खांद्याशी थांबल्या, न्हाऊ घालणारीच्या बोटांशी थांबल्या. मग वळून त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं,

“जयवंतदादा, ही तोंडं कुणाची?”

ती तोंडं कुणाचीच नव्हती.

कॅलेंडर छापणाऱ्यांना एकच तोंड लागायचं. लक्ष्मी असो की दळणारी, गिऱ्हाइकाला तेच आवडतं म्हणायचे. तेव्हा जयवंतानं त्या तोंडाचा एक कागद करून ठेवला होता. रेघांवर टाचणीनं बारीक भोकं पाडलेली. तो कागद कापडावर धरायचा आणि वरनं कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. तोंड उमटलं. काम झटपट व्हायचं.

मग उरायचे हात, खांदे आणि पदराच्या चुण्या. त्याला मात्र खरं माणूस लागतं. त्यासाठी शालन बसायची.

म्हणजे ती समोर येऊन बसायची, तेव्हा चित्रात तोंड आधीच आलेलं असायचं. तिच्या तोंडाकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नाही.

जगातल्या सगळ्यांची तोंडं ओळखणारा हा गडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाहुणे जेवायला गेले. जयवंत एकटाच चित्रांसमोर बसून राहिला. त्याला आठवलं, चित्र पुरं झालं की शालन पदराला हात पुसत यायची आणि बघून विचारायची, ह्यात मी कुठं हाय? तो म्हणायचा, हात तुझेच की. मग ती हसायची.

हसायची, हे त्याला नक्की आठवत होतं. हसणं कानाला ऐकू आलेलं होतं. त्या वेळी तो कुंचले धूत असायचा.

त्याला तिची इतकी आठवण आली, की त्यानं भिंतीवरच्या एका हाताला आपला गाल लावला. रंगाचा वास आला आणि भिंतीचा गारवा लागला. बाकी काही नाही.

...

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मास्तरांकडे गेला. आता आवाजात ताठा नव्हता.

“बघितलं, मास्तर. हात हायती. तोंड न्हाई.”

मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. मग काठी घेऊन उठले.

गुडघ्यांमुळे मास्तरांनी कुणाची पायरी चढणं सोडलं होतं. ते भर उन्हात जयवंताच्या मागं निघाले, तेव्हा बोळातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी कुणाकडे बघितलं नाही.

सोप्यातल्या चित्रांकडेही त्यांनी बघितलं नाही. ते सरळ मागच्या खोलीत गेले. जयवंत तिथं काम करायचा. वर पत्रा, पत्र्यात काचेचा एक तुकडा बसवलेला, त्यातून उजेड खाली यायचा. उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापते.

“ती कुठं बसायची?”

जयवंतानं चौरंग दाखवला.

“कशी?”

डोक्यावर घागर, दोन्ही हातांनी धरलेली. पाणी भरणारी बाई कॅलेंडरवाले दर वर्षी मागायचे.

“घागर रिकामी?”

जयवंतानं मान हलवली. रिकामी घागर धरली की दंडाचे स्नायू खोटं बोलतात, असं त्याचं म्हणणं होतं. बोळातल्या पोरांना तो हे अभिमानानं सांगायचा. म्हणून तो शालनला निम्मी भरून द्यायचा.

मास्तर म्हणाले, मग भर निम्मी आणि बस.

जयवंतानं घागर भरली. चौरंगावर बसून ती डोक्यावर घेतली, दोन्ही हातांनी धरली. मास्तर समोर चित्राच्या घोडीमागं बसले. फळीवर कागद लावलेला होता. त्यांनी कोळसा उचलला.

जयवंताच्या मनात आलं, आज मास्तर इतक्या वर्षांनी चित्र काढणार. कापऱ्या हातानं का होईना, शालनचं तोंड काढून दाखवणार. त्यासाठी तिच्यासारखं बसलेलं माणूस त्यांना लागत असेल. तो अगदी ताठ बसला.

खोलीत आवाज नव्हता. पत्रा मधूनच कडकड वाजायचा...

“काढताय न्हवं, मास्तर?”

“तू बस.”

थोड्या वेळानं खांदे भरून आले. मग मान. मग कोपरापासून मनगटापर्यंत मुंग्या. शालन असं म्हणाली होती काय कधी? त्याला आठवेना. एकदा ती म्हणाली होती, जरा हात खाली घेऊ? तेव्हा तो म्हणाला होता, एवढी चुणी होऊ दे. त्या चुणीची जागा त्याला अजून सांगता आली असती.

चौरंगावरून चित्र दिसत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तिथून फळीची पाठ दिसते. कच्चं लाकूड, खिळे, पुसलेल्या रंगांचे डाग. फळीच्या वर चितारी दिसतो, तोही कपाळ आणि डोळे एवढाच. शालननं आयुष्याच्या किती दुपारी या फळीच्या पाठीकडे बघत काढल्या असतील...

मास्तरांचे डोळे फळीवरून वर यायचे. त्याच्या मनगटावर थांबायचे. कोपरावरून दंडावर जायचे, खांद्यावरून खाली उतरायचे आणि पुन्हा फळीमागं जायचे.

तोंडाकडे येत नव्हते.

जयवंत वाट बघू लागला. आता येतील. आता येतील. डोळे वर आले की त्याचा जीव पुढं सरकायचा, आणि ते मनगटावरूनच परत जायचे. पन्नाशीचा माणूस, नाव मिळवलेला, पण त्याला लहान मुलासारखं वाटलं, की एकदा, एकदा तरी माझ्याकडं बघा.

बोलायचं धाडस झालं नाही. समोरचा कामात होता ना.

घाम कपाळावरून ओघळत होता. जयवंताचे केस चिताऱ्यासारखे लांब, पांढरे. त्यातली एक बट सुटून भुवईवर आली, तिथून घसरून डोळ्यावर, तिथून नाकावर. नाक हुळहुळायला लागलं. हात तर दोन्ही वर, घागरीला.

त्यानं मान झटकली. घागरीतलं पाणी डचमळलं.

“हलायचं न्हाई,” मास्तर फळीमागून म्हणाले.

तो थांबला. बट नाकावरच होती. मग दुसरा इलाज नव्हता म्हणून त्यानं खालचा ओठ पुढं काढला, एक डोळा बारीक केला, डावा गाल फुगवला आणि वर फुंकर मारली.

बट उडाली आणि पुन्हा तिथंच आली.

त्यानं परत तसंच केलं. ओठ पुढं. डोळा बारीक. गाल फुगलेला. भुवया वर...

आणि तसाच राहिला.

हे तोंड त्याच्या ओळखीचं होतं. हे तोंड त्यानं बघितलेलं होतं. कुंचल्याच्या पलीकडे, नजरेच्या अगदी कडेला, वर्षानुवर्षं बघितलेलं होतं. घामेजलेलं, कंटाळलेलं, स्वतःशीच गंमत करणारं. खालचा ओठ जरा जाड. नाक बसकं, शेंड्याला गोल, आणि फुंकर मारताना त्याला दोन्हीकडनं पडणारी एक एक सुरकुती.

शालन.

ती त्याच्याच तोंडावर येऊन बसली होती. त्यानं ओठ मिटला असता तर ती गेली असती, म्हणून त्यानं मिटला नाही. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तो वेड्यासारखा फुंकर मारत होता.

“हात हलला,” मास्तर म्हणाले.

हे शब्द त्याचेच. ती फुंकर मारायची तेव्हा तो दर वेळी हेच म्हणायचा. वर न बघता म्हणायचा.

जयवंताला हुंदका आवरेना. घागर कलंडली, पाणी त्याच्या खांद्यावरून चौरंगावर, चौरंगावरून जमिनीवर गेलं. मास्तर उठले. त्यांनी आपल्या थरथरत्या हातांनी घागर त्याच्या हातांतून काढून घेतली आणि खाली ठेवली.

घोडीवरचा कागद कोरा होता.

मास्तर काठी टेकत निघून गेले. दारात बेबीताईंनी त्यांना विचारलं, काय झालं हो? ते म्हणाले, काही नाही, ऊन लागलंय त्याला.

...

शेवटच्या संध्याकाळी बोळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तालमीपुढं जमखाने अंथरले होते. दुसऱ्या पेठांतले लोक आले होते, बाया कडेवर लेकरं घेऊन कट्ट्यावर चढल्या होत्या. येसबा मास्तरांना पुढं खुर्ची दिली होती.

मंडळाच्या पोरानं ध्वनिक्षेपकावरून जयवंताची ओळख करून दिली. एकदा बघितलेलं तोंड न विसरणारा कलावंत, असं तो म्हणाला. जयवंतानं हात जोडून त्याला थांबवलं आणि म्हणाला, ते सोडा. सुरू करूया.

शालन समोर असायची तेव्हा त्याची रेघ हातांपासून सुरू व्हायची. त्या दिवशी त्यानं कागदाच्या मधोमध एक ओठ काढला. खालचा, पुढं आलेला.

लोकांना काही कळेना. मग एक बारीक झालेला डोळा आला. मग फुगलेला गाल. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. स्वतःच्या मेलेल्या बायकोचं असलं चित्र कोण काढतं? चित्रातल्या बाईनं कसं, गोड दिसावं.

जयवंत थांबला नाही. मध्येच तो स्वतः ओठ काढून फुंकर मारून बघायचा आणि मग रेघ ओढायचा. लोक पुन्हा हसले, मग हसेनासे झाले.

बसकं नाक आलं. नाकावरून खाली आलेली केसांची बट आली. घामाचा ओलावा त्यानं बोटानं कोळसा पुसून दाखवला. हात शेवटी काढले. तेही नुसत्या दोन-चार रेघांत, वर उचललेले, घागर धरलेले. बोटंसुद्धा काढली नाहीत. ज्या हातांवर त्याचं घर चाललं ते त्यानं तसेच अर्धे सोडून दिले.

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला.

“अगं बया,” त्या एवढंच म्हणाल्या, “शालू.”

टाळ्या पडल्या नाहीत. बोळातली माणसं उभी राहिली. ज्यांनी शालनला रोज नळावर, दुकानात, दारात बघितलं होतं, ती सगळी एकेक करून उभी राहिली. बाहेरच्या लोकांना काही समजेना, पण ती उभी राहिली म्हणून तेही उठले.

जयवंतानं कोळसा खाली ठेवला. त्याला आता गर्दीचं काही नव्हतं. तो चित्राकडे बघत होता, आणि इतकं जवळ येऊनही ती कागदाच्या पलीकडेच आहे, हे त्याला समजत होतं. या आधी ती जितकी गेली नव्हती, तितकी आता गेली. आता तोंड होतं ना. तोंड असलेल्या माणसाची आठवण फार वाईट.

मग त्यानं वळून मास्तरांकडे बघितलं. शिष्य कितीही मोठा झाला तरी हे सुटत नाही.

मास्तर खुर्चीतून उठले. काठी टेकत चित्राशी आले. अगदी जवळ उभे राहिले. या वेळी त्यांचे डोळे हातांवर गेले नाहीत. तोंडावरच राहिले.

जयवंतानं हळू आवाजात विचारलं,

“मास्तर... हीच न्हवं?”

सगळा बोळ वाट बघत होता.

मास्तर जयवंताकडे न बघता, चित्राकडेच बघत म्हणाले,

“तिचे हात गुतल्यात, जयवंता. तोंडावरचे केस तू बाजूला कर.”